रंगमंचावरील खर्ज

१८९७ सालच्या डिसेंबरांत अमरावतीस राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, तेव्हां अध्यक्ष सी. शंकरन् नायर व स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे यांच्यापाशीं मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोंचविण्याचें साधन एकच होतें, आणि तें म्हणजे ज्याचा त्याचा गळा. ध्वनिक्षेपक अद्याप जन्मास यावयाचा होता. अशा सभेंत वक्त्यास चिंता असे ती श्रोत्यांची. आपलें बोलणें आपल्याला ऐकूं येतें कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्या मनास शिवण्याचें कारणच नव्हतें. वक्त्याचा आवाज केसभर चढला काय किंवा उतरला काय, अर्थाची हानि होत नाहीं. गाणाऱ्याची व वाजविणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा षड्ज केसभर हालला कीं सारी बैठक हालते. आणि तो हालला आहे हें त्याचें त्याला कळावयाचें, तर त्याचा सूर आधीं त्याच्याच कानीं पडावा लागतो. लोकांस ऐकविणें हें एक काम, स्वतः ऐकणें हें दुसरें. पहिल्या कामाचा इतिहास ठिकठिकाणीं लिहिलेला आढळतो, कारण त्यांत यंत्रें आहेत, शोध आहेत, पेटंटें आहेत. दुसऱ्याचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाहीं. बैठकींत कोण कोठें बसतो, कोण कोणाच्या पाठीमागें उभा राहतो, पेटी कोणत्या अंगास ठेवतात, असल्या किरकोळ वाटणाऱ्या रिवाजांत तो दडलेला आहे. आणि वऱ्हाडांत तो शोधण्यास जागा पुष्कळ आहेत.

या दुसऱ्या कामांत सर्वांत मोठी अडचण खर्ज सांभाळणाराची. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदास सुमारें १३८ आंदोलनांचा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निमपटीनें, म्हणजे ६९ आंदोलनांनीं, वाजते. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४५ मीटर चालतो, तेव्हां या खर्जाची एक लाट पांच मीटर लांबीची झाली. एवढी लांब लाट खांबास, पडद्यास किंवा माणसास वळसा घालून चोहोंकडे पसरते. तार सप्तकांतल्या बारीक सुराप्रमाणें ती एका दिशेनें नेमकी धाडतां येत नाहीं. त्यांत पुन्हां मनुष्याचा कान खर्जाच्या बाबतींत मंद. फ्लेचर व मुन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें कीं, मधल्या सुराइतकाच मोठा भासावयास खालच्या सुराला कितीतरी अधिक जोर लागतो. म्हणजे खर्ज सगळीकडे जातो आणि स्पष्ट मात्र कोठेंच ऐकूं येत नाहीं, अशी ही स्थिति आहे.

तंबोरा करणारांनीं हिच्यावर तोड काढली ती शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीं. घोडीवर तारेखालीं बारीक धागा सरकवून जवारी लावली, कीं तार घोडीच्या पसरट पाठीस हलकेच घासून बोलूं लागते, आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे अनेक अंशस्वर झंकारून बाहेर पडतात. कानाची एक चमत्कारिक रीत अशी आहे कीं, हे वरचे अंशस्वर त्याला मिळाले म्हणजे खालचा मूळ सूर दुबळा असला, किंबहुना नसला, तरीही तो आपण होऊन जुळवून घेतो. घरांतल्या लहानशा रेडिओच्या तळहाताएवढ्या पडद्यांतून पखवाजाची धूम जी ऐकूं आल्यासारखी वाटते, ती याच रीतीनें. त्या पडद्याला ती धूम प्रत्यक्ष काढतां येत नसते. मिरजेचा कारागीर जवारी लावतो तेव्हां तो खर्ज वाढवीत नाहीं, खर्ज ओळखूं येईल अशी सोय करतो. हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण विजेच्या युगांत पुष्कळांनीं तो विसरून आपले हाल करून घेतले.

आतां नाटकाकडे वळावें. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, ही म्हण सर्वश्रुत आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. अकोला व बडनेरा हीं त्या वाटेवरचीं स्थानकें, आणि बडनेऱ्याहून अमरावतीस फांटा. कापसाच्या पैशाचा हा मुलूख आणि त्यांतून जाणारी आगगाडी, तेव्हां नाटक मंडळ्यांचे मुक्काम येथें पडावे यांत नवल नाहीं. परंतु वऱ्हाडानें नुसते प्रेक्षकच पुरविले असें नाहीं. अकोला, खामगांव व जळगांव येथें वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं १८९६ च्या ‘वीरतनया’पासून मराठी रंगभूमीवर पारशी नाटकांच्या धर्तीच्या चटकदार, चपळ चाली आणल्या. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हें नाटक ललितकलादर्शनें १९१३ सालीं आणि ‘रणदुंदुभि’ हें बलवंत संगीत मंडळीनें १९२७ सालीं रंगभूमीवर आणलें. हीं सारीं नाटकें शेंकडों प्रेक्षकांपुढें, पत्र्याच्या किंवा कापडाच्या छपराखालीं, कोणत्याही विद्युत्-साधनावांचून गाइलीं गेलीं.

या नाटकांतील नटाला स्वतःचा सूर कसा ऐकूं येत असे ? विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील खेळांत हा प्रश्न नव्हता, कारण तेथें गाणारा सूत्रधार. पात्रांनीं हावभाव करावे आणि मधून भाषणें बोलावीं, एवढेंच. सूत्रधाराच्या पाठीशीं झांजा व मृदंग घेऊन साथीदार उभे असत व त्यांचा आवाज त्याच्या कानाच्या मागूनच येई. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ पुण्यास उभें केलें आणि पात्रें स्वतः गाऊं लागलीं. आतां गाणारा चालूं लागला, वळूं लागला, नायिकेकडे तोंड करूं लागला. त्याच्या पाठीमागें साथीदारांचा ताफा घेऊन हिंडणें शक्य नव्हतें. तेव्हां साथ रंगमंचावरून खालीं, प्रेक्षकांच्या व नटाच्या मध्यें आली. एका अंगास पायपेटी किंवा ऑर्गन, दुसऱ्या अंगास तबला, कोठें सारंगी, अशी ही मांडणी रूढ झाली. गंधर्व नाटक मंडळीजवळ तर तबल्यास अहमदजान थिरकवा आणि सारंगीस कादरबक्ष असे कसलेले कलावंत होते.

ही जागा नीट न्याहाळावी. नटाच्या पायांपुढें, किंचित् खालीं, तोंड त्याच्याकडे. प्रेक्षकांकडे पाहून पद म्हणणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर सूर समोरून, खालून वर येई. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं विलायतेंत ज्या तिरप्या पेट्या रंगमंचाच्या कडेला मांडण्याची वहिवाट पडली, त्यांची जागा नेमकी हीच. फरक एवढाच कीं, या जुन्या पेटीजवळ एक जाणता मनुष्य बसलेला असे, आणि नट दमलासें दिसतांच तो न सांगतां सूर भरीत असे.

ऑर्गनविषयीं येथें दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. हातपेटीला एक हात भात्याकडे गुंततो. पायपेटीचा भाता पायांनीं चालतो, म्हणून वाजविणाराचे दोन्ही हात मोकळे राहतात. उजव्या हातानें पदाची चाल आणि डाव्या हातानें खालच्या सप्तकांतला षड्ज किंवा पंचम धरून ठेवावयाचा, ही सोय तिनें दिली. पितळी पट्ट्यांचा तो खर्ज तंबोऱ्यासारखाच अंशस्वरांनीं भरलेला, किंचित् कर्कश, आणि म्हणूनच गलबल्यांतूनही नटापर्यंत पोंचणारा. शास्त्रकारांनीं या वाद्याची श्रुतींच्या नांवानें पुष्कळ निर्भर्त्सना केली. १९४० पासून १९७१ पर्यंत नभोवाणीनें पेटीस आपल्या दारांतून आंत येऊंच दिलें नाहीं. मींड पेटींतून निघत नाहीं, हा आक्षेप खराच आहे. परंतु आक्षेप घेणारे बहुतेक शांत दिवाणखान्यांत बसून गाणें ऐकणारे होते. रात्रीं एक वाजतां, तिसऱ्या अंकांत, घसा बसत आलेला असतांना आणि पिटांत विडी-काडीची कुजबूज चाललेली असतांना ज्याला वरचा षड्ज लावावयाचा असे, त्याची साक्ष त्यांनीं काढली नाहीं.

तबलजीची तऱ्हा याहून वेगळी. त्याचा डग्गा त्याच्या मांडीशीं, मनगट पुडीवर टेकलेलें; घुमारा कानास कळण्याआधीं तो त्याच्या हाताला कळतो. पखवाजी डाव्या पुडीला कणीक लावून धूम उतरवितो, तीही पुष्कळशी हातानेंच पारखून. खर्ज वाजविणारा खर्ज अंगानें ऐकतो, ही गोष्ट या जुन्या वादकांच्या बसण्यावरूनच दिसून येते. वऱ्हाडच्या हवेचा ताप मात्र त्यांस चुकत नसे. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत कातडें ताणून सूर चढतो, पावसाळी हवेंत तें सैल पडतें. म्हणून हातोडी सदैव मांडीजवळ.

नाटकगृहाबाहेर, उघड्या मैदानांत, हीच अडचण अधिक बिकट होते, कारण तेथें आवाज परतविणारी भिंतच नसते. वारकरी कीर्तनांत टाळकरी बुवांच्या पाठीमागें ओळीनें उभे राहतात आणि पखवाज बाजूला असतो. त्यांनीं धरलेलें ध्रुपद श्रोत्यांस ऐकूं जातें तें खरें; पण त्याआधीं तें बुवांच्या पाठीवर आदळतें. शाहिराच्या मागें झील धरणारे आणि तुणतुणें यांचें काम तेंच. शाहीर कानावर हात ठेवून गातो, तो केवळ ऐट म्हणून नव्हे. तळहाताच्या आडोशानें तोंडांतला सूर कानाकडे वळतो आणि बाहेरचा गोंगाट थोडा अडतो. मैदानांतल्या गायकानें आपल्यासाठीं केलेलें हें सर्वांत स्वस्त साधन होय.

अमरावती जिल्ह्यानें या बाबतींत दोन थोर उदाहरणें दिलीं. शेणगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनास उभे राहत, तेव्हां त्यांच्यामागें वाद्यांचा थाट नसे. ते समुदायास प्रश्न विचारीत, समुदाय उत्तर देई. ते नाम उच्चारीत, समुदाय तें उचलून परत करी. हजारों कंठांतून परत येणाऱ्या त्या आवाजानें त्यांना आपलें बोलणें कोठवर पोंचलें हें कळे आणि लयही मिळे. उत्तर मंद आलें तर तीच ओळ पुन्हां. दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. यावली येथें १९०९ सालीं त्यांचा जन्म, मोझरीस १९३५ मध्यें गुरुकुंज आश्रमाची स्थापना, आणि खंजिरी हें त्यांच्या भजनाचें वाद्य. खंजिरी हातांत उचलून धरतां येते, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आणतां येते. तिची थाप व झांजांचा खणखणाट दुसऱ्या कोणाच्याही आधीं वाजविणाराच्या कानीं पडतो. लाखांच्या मेळाव्यांत लय न सुटण्याचें एक कारण या साध्या वाद्याच्या जवळिकींत आहे. गाडगे महाराजांचें निर्वाण १९५६ सालीं अमरावतीच्या वाटेवर झालें, तुकडोजी महाराजांचें १९६८ सालीं. त्या अवधींत सभामंडपांतील कर्णे खेडोपाडीं पोंचले, आणि ऐकण्याची जुनी व्यवस्था पार बदलून गेली.

ध्वनिक्षेपकाचा आरंभ १९१५ सालचा. प्रिडहॅम व जेन्सन या दोघांनीं त्या वर्षीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत वाद्यमेळाचा आवाज मोठा करून लोकसमुदायास ऐकविला. या यंत्राच्या पहिल्याच प्रयोगांत त्यांना एक खोड आढळली : कर्णा सूक्ष्मध्वनिग्राहकाजवळ, म्हणजे ज्यास सर्वजण ‘माइक’ म्हणतात त्याच्याजवळ, आला कीं यंत्र किंचाळूं लागे. कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हां माइकांत शिरून फिरत राहतो, त्याची ही शीळ. म्हणून कर्णे माइकच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून लावण्याचा दंडक पडला. दंडक योग्यच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, गाणाराचा आवाज दूर टांगलेल्या कर्ण्यांतून लोकांकडे निघून गेला आणि गाणारा त्या आवाजाच्या पाठीमागें राहिला. वीस मीटरांवरच्या भिंतीवरून तो आवाज परत येण्यास सेकंदाचा नववा हिस्सा लागतो. मिनिटास १२० मात्रांची लय असेल तर चौगुणीचा एक बोल सेकंदाच्या आठव्या हिश्शाचा. म्हणजे भिंतीवरून परतलेला बोल ऐकून जो वाजवील, तो जवळजवळ एक बोल मागें पडेल. त्याच्या मागचा दुसरा त्याहून मागें.

मंडपांतला कर्णा खर्जाच्या कामाचा नव्हता. खालचे सूर काढण्यास कर्ण्याचें तोंड कित्येक हात रुंद असावें लागतें. दोरीनें बांबूवर बांधलेल्या कर्ण्यांतून डग्ग्याचा घुमारा निघत नसे, टकटक तेवढी निघे. लग्नमंडपांतील आणि जत्रेंतील दोन-तीन पिढ्यांनीं तबला असा अर्धाच ऐकला. पुढें मोठमोठ्या लांकडी पेट्यांतून पंधरा-पंधरा इंच व्यासाचे पडदे बसवूं लागले, तेव्हां खर्ज परत आला, पण भलत्याच वाटेनें. लांब लाटेला पुढें-मागें ठाऊक नाहीं. लोकांकडे तोंड केलेल्या पेटींतून ती वळसा घेऊन रंगमंचाच्या मागें येते, लांकडी पाटाखालच्या पोकळींत घुमते, आणि वाजविणाराला नुसता गडगडाट ऐकूं येतो. त्यांत कोणता सूर आहे तें कळत नाहीं.

याच सुमारास खर्जाचें एक नवें वाद्य आलें. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिरानें १९५१ सालीं विजेवर चालणारी, भरीव लांकडाची बेस गिटार बाजारांत आणली. हिची सर्वांत खालची तार सेकंदास ४१ आंदोलनांची, लाट साडेआठ मीटरांच्या आसपास. चित्रपटगीतांच्या मार्गानें हें वाद्य महाराष्ट्रांतील वाद्यवृंदांत शिरलें. गणेशोत्सवांतला, लग्नांतला, भीमजयंतीचा ‘ऑर्केस्ट्रा’ त्याच्यावांचून भरल्यासारखा वाटेना. आजही पुष्कळ लहान वृंदांत तें परवडत नाहीं. तेथें कीबोर्डवाल्याचा डावा हात तें काम करतो, आणि अशा वेळीं नाटकांतल्या ऑर्गनवाल्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

तंबोरा, डग्गा, पखवाज या सर्वांना पोट आहे. बेस गिटारीला पोट नाहीं. वीज काढून घेतली तर ती मुकी. तिला स्वतंत्र ध्वनिवर्धक लागतो, आणि तो खर्जाचा असल्यामुळें एका माणसानें सहज उचलावा असा नसतो. अमरावतीहून अकोल्यास शंभर किलोमीटर एस. टी. नें किंवा एका जीपमध्यें दहाजण कोंबून जाणाऱ्या वादकास गिटार खांद्यावर नेतां येते, ध्वनिवर्धक नेतां येत नाहीं. म्हणून तारेचें एक टोंक गिटारींत आणि दुसरें ‘डी. आय. बॉक्स’ नांवाच्या चिमुकल्या डबीमार्फत थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्यें, असा मार्ग सर्वत्र पडला. लोकांना वाद्य उत्तम ऐकूं येतें; वाजविणाराच्या अंगापाशीं मात्र कांहींच वाजत नसतें. इतक्या एकाकी स्थितींत खर्ज सांभाळण्याचा प्रसंग पूर्वीं कोणत्याही वादकावर आला नव्हता.

पाश्चात्य देशांतही ही उणीव उशिरानेंच उमगली. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें बीटल्स मंडळी पंचावन्न हजारांवर श्रोत्यांपुढें गाइली, तेव्हां आरोळ्यांच्या कल्लोळांत त्यांना स्वतःचें गाणें ऐकूं येत नव्हतें, आणि ढोल वाजविणारा रिंगो स्टार सोबत्यांच्या हालचालींवरून गाणें कोठवर आलें तें ताडीत होता. त्या दशकाच्या उत्तरार्धांत कलावंतांकडे तोंड केलेल्या पेट्या रंगमंचावर दिसूं लागल्या. त्यांस ‘मॉनिटर’ हें नांव पडलें. शाळेंत वर्गावर देखरेख ठेवणाऱ्या मुलास हेंच नांव होतें. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सावध करणारा, आठवण देणारा. येथें तो अर्थ अधिकच शोभतो.

ध्वनिवर्धक न बाळगणाऱ्या खर्जवादकानें कोणता मॉनिटर पत्करावा, याचा निवाडा वर सांगितलेल्या जुन्या गोष्टींवरून बराचसा होतो. सामान्य चूक अशी कीं, खर्ज ऐकूं येत नाहीं म्हणून साउंडवाल्यास खुणेनें ‘बेस वाढवा’ म्हणावयाचें. तो खालचा भाग वाढवितो. गडगडाटांत गडगडाटाची भर पडते. मग ढोलवाला आपली पेटी वाढवावयास लावतो, मग गायक, आणि अखेर शीळ सुरू होते. येथें तंबोऱ्याची जवारी स्मरावी. अगदीं तळचा भाग त्या पेटींतून काढून टाकावा, तो मोठ्या पेट्यांतून आपोआप मागें येतच असतो; मधला भाग, सुमारें दोनशेंपासून आठशें आंदोलनांपर्यंतचा, जेथें तारेवर बोट पडल्याचा नाद व अंशस्वर असतात, तो मोकळा ठेवावा. तेवढ्यावर कान खालचा सूर स्वतः बांधून घेतो. ही रीत कळलेल्या वादकास बारा इंची पडद्याची साधी पेटी पुरते. न कळलेल्यास पंधरा इंची दोन पेट्याही अपुऱ्या पडतात.

पेटीच्या आकारापेक्षां तिच्या अंतरास महत्त्व अधिक. उघड्या जागेंत अंतर निमें केलें कीं आवाजाचा जोर चौपट होतो. चार हातांवर जमिनीवर ठेवलेली पेटी वादकाच्या गुडघ्यांना ऐकविते. तीच दोन हातांवर, कानाकडे वळवून, खुर्चीवर किंवा तिकाटण्यावर ठेवली, तर यंत्राची कळ न फिरवितां काम भागतें. तुकडोजी महाराजांची खंजिरी चेहऱ्यापासून वीतभर होती, हें येथें विसरूं नये. ढोलवाल्याच्या डाव्या अंगास उभें राहून त्याच्याशीं एकच पेटी वाटून घेणें, हाही जुन्या तबला-डग्ग्याच्या शेजाराचाच नमुना होय. ताल आणि खर्ज एकमेकांना ऐकत असले, कीं बाकीच्यांचें पुष्कळ सांवरतें.

कानांत बसविण्याचें साधन याहून नवें. जेरी हार्व्ही या ध्वनियोजकानें १९९५ सालीं अॅलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठीं कानाच्या सांच्याबरहुकूम तीं तयार केलीं, आणि पुढें तीं जगभर पसरलीं. आतां जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाद्यवृंदांतही स्वस्तांतलीं दिसतात. बोराएवढ्या वस्तूंतून ४१ आंदोलनांचा सूर निघतो याचें आश्चर्य वाटेल. परंतु कानाच्या बंद नळींत हवा ती किती! तेवढीच हलवावयाची असते. अट एकच : नळी खरोखर बंद पाहिजे. बोळा सैल बसला तर सर्वांत आधीं पळून जातो तो खर्ज, आणि वादक पुन्हां कळ चढवितो. कित्येकजण एका कानांत साधन घालून दुसरा कान लोकांसाठीं मोकळा ठेवतात. ही संवय वाईट, कारण मोकळ्या कानांतल्या गोंगाटावर मात करण्यासाठीं झांकलेल्या कानावर दुप्पट भार टाकला जातो.

हा भार मोजलेला आहे. पंच्याऐंशी डेसिबलांचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढें दर तीन डेसिबलांस अवधि निमा होतो, असा अमेरिकन आरोग्यसंस्थेचा हिशेब आहे. अठ्ठ्याऐंशीस चार तास, चौऱ्याण्णवास एक, आणि शंभराला केवळ पंधरा मिनिटें. लग्नसराईंत ओळीनें रात्रीमागून रात्र वाजविणाऱ्या तरुणास हें कोष्टक कोणी दाखवीत नाहीं. ऐकण्याच्या पेशींची एकदां झालेली झीज भरून येत नाहीं; आणि ज्यानें स्वतःला ऐकूं यावें म्हणून आवाज चढविला, त्याचेंच ऐकणें त्यांत जातें. पहिल्यांदा वरचे बारीक सूर जातात. खर्ज बराच काळ ऐकूं येत राहतो, त्यामुळें खर्जवादकास आपलें काय गेलें याचा पत्ता उशिरां लागतो.

बंद कानाची आणखी एक उणीव आहे. वादकास स्वतःचें बोट न् बोट ऐकूं येतें, पण टाळी ऐकूं येत नाहीं, ‘वन्समोअर’ ऐकूं येत नाहीं, पुढच्या रांगेंतलें मूल रडलेलेंही ऐकूं येत नाहीं. म्हणून जाणते साउंडवाले रंगमंचाच्या दोन टोंकांना श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन माइक लावतात आणि त्यांतला थोडा आवाज वादकांच्या कानांत सोडतात. वऱ्हाडांतल्या फिरत्या वृंदांजवळ असे जास्तीचे दोन माइक क्वचितच असतात. तेथें वादक दोन गाण्यांच्या मध्यें कानांतले बोळे काढून गळ्याशीं लोंबते ठेवतो, समुदायाचा रंग पाहतो, आणि पुढच्या गाण्याची लय निवेदकाच्या चेहऱ्यावरून ओळखून ते पुन्हां घालतो.